जंतू, ताप आणि स्मृतिभ्रंश

संसर्गाने स्मृतिभ्रंश होतो का, या प्रश्नाचे उत्तर काही जंतूंपुरते शंभर वर्षांपूर्वीच मिळाले आहे: होतो. बाकीच्या जंतूंपुरते ते अजून मिळायचे आहे. या दोन विधानांची गल्लत झाली की एकीकडे बरा होणारा रुग्ण ‘वयच झालंय’ म्हणून घरी बसवला जातो आणि दुसरीकडे न सिद्ध झालेल्या औषधांवर पैसा खर्च होतो. म्हणून जे ठाऊक आहे ते आणि ज्याचा संशय आहे ते वेगळे ठेवूनच हा विषय पाहावा लागतो.

स्मृतिभ्रंश हे एका रोगाचे नाव नव्हे. आठवण, भाषा, दिशा, हिशेब, निर्णय या मेंदूच्या कामांपैकी एकाहून अधिक कामे इतकी ढासळतात की माणसाचे रोजचे व्यवहार अडतात, त्या अवस्थेला हे नाव आहे. तिची कारणे अनेक. अल्झायमर हे सर्वांत मोठे, मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार त्याखालोखाल, आणि मग लहान लहान कारणांची लांब रांग. संसर्ग या रांगेत फार पुढे नाही, पण त्याचे महत्त्व संख्येवर ठरत नाही. रांगेतली जी थोडी कारणे औषधाने थांबतात किंवा मागे फिरतात, त्यांत संसर्ग येतात.

इथे तो मुंबईजवळच्या तीन शहरांच्या संदर्भात पाहू. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावरची, एकमेकांना लागून वाढलेली शहरे. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर, अंबरनाथची अडीच लाख आणि कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाखांच्या आसपास होती. तिन्ही ठिकाणची म्हातारी माणसे मात्र वेगवेगळ्या वाटांनी आली. उल्हासनगर ही मुळात महायुद्धाच्या काळातली कल्याण कॅम्प नावाची लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित उतरले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गावाला आजचे नाव मिळाले. फाळणीच्या वेळी शाळेत असलेली तिथली मुले आज ऐंशीच्या पुढे आहेत. अंबरनाथमध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी आणि औद्योगिक वसाहतीतून निवृत्त झालेला कामगार आहे. बदलापूरला मुंबईच्या चाळी सोडून, परवडणारे घर शोधत आलेली कुटुंबे आहेत. त्यांतल्या अनेकांचे आई-वडील आयुष्याच्या उत्तरार्धात एका अनोळखी इमारतीत राहायला आले. नव्या जागेत रस्ता चुकणे आणि मेंदू ढासळल्यामुळे रस्ता चुकणे यांतला फरक अशा घरांत पटकन कळत नाही.

या तीन शहरांपुरता आकडा सांगायचा तर जवळचा आधार मुंबईचाच घ्यावा लागतो. डॉ. ख्रिस्तोफर वाझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत चाळिशीपुढच्या चोवीस हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पासष्टीपुढच्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण २.४४ टक्के आढळले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज साठीपुढच्यांसाठी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा आहे. वीस वर्षांत रोग तिपटीने वाढला, असा याचा अर्थ काढू नये. निदानाचे निकष आणि चाचण्या बदलल्या, तर मोजलेली माणसेही बदलतात. मात्र जुना आकडा पाहून निश्चिंत राहण्याचे दिवस गेले, हे नक्की.

ज्या संसर्गाने सारा विषय उभा केला तो उपदंश, म्हणजे सिफिलिस. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ साली सुरू झाले. त्या वर्षी उपदंशाचा जंतू जगात कोणीही पाहिलेला नव्हता. तो दिसला १९०५ मध्ये. युरोपातल्या वेड्यांच्या इस्पितळांत तेव्हा एका विशिष्ट प्रकारच्या रुग्णांनी खाटा भरलेल्या असत: मध्यमवयीन पुरुष, आधी भव्यतेच्या कल्पना, मग बोबडे बोलणे, थरथरणारे हात, हळूहळू पूर्ण बुद्धिनाश आणि मृत्यू. कोणी त्याचे खापर दारूवर फोडी, कोणी आनुवंशिकतेवर, कोणी अतिश्रमावर. १९१३ मध्ये हिदेयो नोगुची आणि जे. डब्ल्यू. मूर यांनी अशा रुग्णांच्या मेंदूतच उपदंशाचे मळसूत्री जंतू दाखवले. तरुणपणी झालेला, बरा झाला असे वाटलेला संसर्ग दहा, वीस, कधी तीस वर्षांनी मेंदू खातो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. उपचारांची कथाही विलक्षण आहे. व्हिएन्नाचे युलिउस वाग्नर-याउरेग यांनी १९१७ पासून या रुग्णांना मुद्दाम हिवतापाची लागण केली, कारण तीव्र तापात काहींचा रोग थांबत होता. त्यासाठी त्यांना १९२७ चे नोबेल मिळाले. पेनिसिलीन आल्यावर ती पद्धत मागे पडली आणि इस्पितळांतल्या त्या खाटा रिकाम्या झाल्या. एका संपूर्ण प्रकारच्या वेडाचा प्रतिजैविकाने पाडाव झाल्याचे हे उदाहरण आहे. म्हणूनच स्मृतिभ्रंशाच्या तपासणीत आजही उपदंशासाठी रक्ताची व्हीडीआरएल चाचणी लिहिली जाते. सत्तरीच्या आजोबांच्या चिठ्ठीवर ती पाहून घरची मंडळी संकोचतात, कधी चिडतात. तिचा उद्देश चारित्र्य तपासण्याचा नसून एक बरे होणारे कारण हातून निसटू न देण्याचा असतो.

उल्हास नदीच्या खोऱ्यातल्या या दाट वस्तीत मात्र आधी आठवायला हवा तो क्षय. जगातल्या दर चार क्षयरुग्णांमागे एक भारतात आहे. क्षयाचे जंतू मेंदूच्या आवरणांत उतरले की होणारा दाह इतर मेंदूज्वरांसारखा एका रात्रीत येत नाही. दोन-तीन आठवडे बारीक ताप, संध्याकाळचे डोके दुखणे, भूक जाणे. मग माणूस गप्प बसू लागतो, नाव चुकवतो, पैसे देताना गोंधळतो, कपड्यांतच लघवी होते. खोकला असेलच असे नाही. सत्तरीच्या माणसात हे चित्र थेट स्मृतिभ्रंशासारखे दिसते आणि तसे ते पाहिलेही जाते. निदान ठरते ते बहुतेक वेळा पाठीतल्या पाण्यावर. कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून थेंब थेंब गोळा केलेला तो द्रव निरोगी माणसात स्वच्छ पाण्यासारखा असतो. क्षयात तो काही काळ स्थिर ठेवला तर कधीकधी त्यात कोळिष्टकासारखे नाजूक जाळे धरते. ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो’ ही समजूत या पट्ट्यात अजून पक्की आहे आणि त्यापायी नातेवाईक सही नाकारतात. ही सुई कमरेत जिथे टोचली जाते तिथपर्यंत मज्जारज्जू पोहोचतच नाही. तो वरच संपलेला असतो. उपचार लांबला तर मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साचते आणि जीव वाचला तरी बुद्धी परत येत नाही. वेळेत सुरू झालेले क्षयाचे औषध, सोबत स्टेरॉइड आणि गरज पडल्यास पाणी वळवणारी नळी, एवढ्यावर कितीतरी माणसे पुन्हा घरचा हिशेब सांभाळू लागतात. क्षयाची औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात.

एचआयव्हीचा विषाणू संसर्गानंतर लवकरच मेंदूत पोहोचतो. औषधे नव्हती त्या काळात शेवटच्या अवस्थेतल्या रुग्णांत मंदावलेली बुद्धी आणि अडखळती चाल सर्रास दिसे. एप्रिल २००४ पासून महाराष्ट्रात मोफत औषधे मिळू लागली आणि ते तीव्र रूप दुर्मिळ होत गेले. डुकराच्या पट्टकृमीची अंडी पोटात गेली तर त्याच्या अळ्या मेंदूत गाठी करतात. त्यातून बहुधा फिट्स येतात, गाठी पुष्कळ असतील तर बुद्धीही मंदावते. मांसाहार न करणाऱ्यालाही हे होते, कारण अंडी येतात ती मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून आणि त्यावर पिकलेल्या, नीट न धुतलेल्या भाजीतून. गोवरामुळे तर लहान मुलांतही स्मृतिभ्रंश होतो: गोवर बरा झाल्यावर साधारण सहा ते दहा वर्षांनी शाळेत मागे पडू लागणारे, झटके येणारे मूल, आणि त्यावर खात्रीचा उपचार नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडीत आणि भिवंडीत गोवराची साथ होती, ही गोष्ट या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी आहे. लस चुकलेल्या मुलाची किंमत कधीकधी दहा वर्षांनी मोजावी लागते.

याहून कितीतरी अधिक घरांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे वात. तापात म्हातारे माणूस बरळू लागले की ‘वात झालाय’ असे मराठीत म्हणतात. आधुनिक वैद्यकाने डिलिरियम या नावाने वर्णन केलेली अवस्था हीच. बदलापूरच्या कुठल्याही सोसायटीत पावसाळ्यात ती पाहायला मिळते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी काल संध्याकाळपर्यंत शेंगा सोलत होत्या. रात्री अंग तापले. पहाटे त्या चादरीवरून काहीतरी अदृश्य वेचून बाजूला ठेवतात, सुनेला स्वतःच्या कधीच्या गेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारतात, खिडकीबाहेर माणसे उभी आहेत म्हणतात. मध्येच दहा मिनिटे अगदी शुद्धीत बोलतात आणि पुन्हा हरवतात. घरात कोणी बाहेरची बाधा म्हणतो, कोणी ‘आता डोकं गेलं’ म्हणतो. बहुतेकदा कारण असते मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा न्यूमोनिया, आणि या ऋतूत डेंग्यू, मलेरिया, लेप्टो. म्हातारपणी ताप न येताही केवळ वातच येऊ शकतो. काही तासांत वा दिवसांत आलेला गोंधळ हा स्मृतिभ्रंश नसतो. ती तातडीने रुग्णालय गाठण्याची वेळ असते.

मात्र वात उतरला म्हणजे सगळे पूर्ववत झाले, असेही नाही. आठ दिवसांनी आजी घरी येतात, माणसे ओळखतात, पण गॅसचे बटण कोणत्या बाजूला फिरवायचे ते विचारतात आणि भाजीवाल्याला दिलेल्या नोटेचे परत किती यायचे ते त्यांना जमत नाही. डॉक्टर आणि घरचे दोघेही हे पाहतात, आणि संशोधनही तेच सांगते. फिनलंडमधल्या वान्ता शहरात पंचाऐंशीपुढच्या वृद्धांचा माग ठेवला गेला. ज्यांना वात होऊन गेला त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंश होण्याची शक्यता इतरांच्या आठपटींहून जास्त आढळली. आधीच आतून पोखरलेल्या मेंदूलाच वात लवकर होतो, हे यातले एक स्पष्टीकरण. वाताचा झटका मेंदूला स्वतंत्र इजा करतो, हे दुसरे. दोन्ही खरी असावीत. २०२१ मध्ये फिनलंड आणि ब्रिटनमधल्या लाखो लोकांच्या नोंदींवरून असेही दिसले की रुग्णालयात दाखल व्हावे लागेल इतका गंभीर संसर्ग झालेल्यांत पुढील वर्षांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे दीडपट असते. संसर्ग कोणता, जिवाणूचा की विषाणूचा, याने त्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे दोष एखाद्या विशिष्ट जंतूपेक्षा शरीरभर पेटलेल्या दाहाकडे जातो. असा दाह रक्त आणि मेंदू यांच्यामधली संरक्षक भिंत सैल करतो आणि मेंदूतल्या राखणदार पेशींना इतके चिथावतो की त्या चांगल्या जोडण्याही कुरतडू लागतात. ही कार्यकारणाची साखळी अजून पूर्ण जोडलेली नाही, पण तिचे बरेच दुवे हाती आले आहेत. वालधुनी नदीच्या काठच्या वस्त्यांत, २६ जुलै २००५ सारख्या पुरानंतर चिखल उपसणाऱ्या घरांत गंभीर संसर्ग किती सहज होतात, हे वेगळे सांगायला नको.

आता संशयाचा प्रांत. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये आपल्या रुग्णाच्या मेंदूतले डाग आणि गुंते वर्णिले, त्यानंतर लगेच प्रागच्या ऑस्कर फिशर यांना त्या डागांचे रूप जिवाणूंच्या वसाहतींसारखे वाटले होते. त्यांना जंतू सापडले नाहीत आणि कल्पना मागे पडली. तिला पुन्हा उभे केले मँचेस्टरच्या रूथ इत्झाकी यांनी. १९९१ मध्ये त्यांच्या गटाला वृद्धांच्या मेंदूत हर्पिसच्या पहिल्या प्रकाराच्या विषाणूची जनुकसामग्री मिळाली. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला जे पाणीदार फोड उठतात ते याच विषाणूचे. लहानपणी शिरलेला हा विषाणू चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गाठीत जन्मभर दबा धरून बसतो आणि प्रतिकारशक्ती खचली की जागा होतो. १९९७ मध्ये इत्झाकी यांच्याच गटाने दाखवले की अल्झायमरचा धोका वाढवणारे एपीओई-चार हे जनुक आणि मेंदूतला हा विषाणू दोन्ही असतील तर धोका अधिक. यातला अडसर उघड आहे. हा विषाणू बहुसंख्य प्रौढांच्या अंगात असतो आणि त्यांतल्या बहुतेकांना अल्झायमर होत नाही. नुसता विषाणू हे कारण असू शकत नाही. फार तर तो एक भागीदार असेल.

हार्वर्डच्या रॉबर्ट मॉयर आणि रुडॉल्फ टान्झी यांनी २०१० पासून या कोड्याला वेगळीच कलाटणी दिली. अल्झायमरच्या डागांतले अमायलॉइड हे प्रथिन निव्वळ कचरा समजले जात होते. त्यांनी दाखवले की ते जंतूंना मारते, त्यांच्याभोवती जाळे विणून त्यांना अडकवते. हे खरे असेल तर हे डाग मेंदूच्या एका जुन्या लढाईचे अवशेष ठरतात. कल्पना मोहक आहे, उंदरांत आणि काचेच्या बशीत तिला आधारही आहे. माणसात मात्र पुरावा औषधाच्या चाचणीने द्यावा लागतो, आणि तिथे आजवर निराशाच आली. हर्पिसची लागण असलेल्या, अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या १२० रुग्णांपैकी एका गटाला अमेरिकेत व्हॅलासायक्लोव्हिर हे विषाणूरोधक औषध दीड वर्ष दिले गेले. २०२५ मध्ये निकाल आला: औषध घेणाऱ्यांना लाभ झाला नाही, उलट स्मृतीच्या मोजणीत औषधाविना असलेला गट थोडा सरस राहिला. हिरड्यांच्या रोगातल्या पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस या जिवाणूबाबतही तसेच घडले. २०१९ मध्ये तो अल्झायमर रुग्णांच्या मेंदूत सापडल्याची बातमी जगभर गाजली. त्याच्या विषावर योजलेले औषध २०२१ मध्ये मुख्य कसोटीवर अपयशी ठरले. तरीही मशेरी आणि तंबाखूने हिरड्या सोललेल्या या भागात तोंडाच्या आरोग्याची हयगय परवडणारी नाही. त्यासाठी अल्झायमरचे भय घालण्याची गरज नाही. तोंडाचा कर्करोग आणि पडलेले दात पुरेसे आहेत.

सर्वांत भक्कम सूत अनपेक्षित ठिकाणी हाती आले, ते नागिणीच्या लसीत. नागीण म्हणजे कांजिण्यांचाच विषाणू म्हातारपणी पुन्हा जागा होणे. वेल्समध्ये २०१३ साली ही लस सुरू करताना सरकारने वयाची सीमा तारखेने आखली: २ सप्टेंबर १९३३ रोजी वा नंतर जन्मलेल्यांना लस, आदल्या दिवशी जन्मलेल्याला कधीच नाही. आठवड्याच्या फरकाने जन्मलेली ही माणसे शिक्षणात, सवयींत, पैशात सारखीच. फरक फक्त लसीचा. लस घेणारे मुळातच आरोग्याची जास्त काळजी घेतात, हा नेहमीचा आक्षेप इथे गळून पडतो. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार सात वर्षांत लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंशाची नवी निदाने सुमारे एक पंचमांशाने कमी झाली, आणि स्त्रियांत हा लाभ अधिक ठळक होता. लाभ नागीण टळल्याने झाला की लसीने प्रतिकारशक्तीला दिलेल्या सर्वसाधारण चालनेने, हे ठरलेले नाही. वेल्समध्ये दिलेली लस जिवंत विषाणूची होती. भारतात २०२३ पासून मिळणारी दोन डोसांची लस वेगळ्या जातीची आहे, महाग आहे आणि सरकारी कार्यक्रमात नाही. नागिणीच्या वेदना टाळण्यासाठी ती घेणे आजही योग्य कारणासाठी घेणे आहे. स्मृतीसाठी म्हणून ती विकली जाऊ लागली तर तो दावा पुराव्याच्या पुढे पळालेला असेल.

उलट दिशेचा पुरावाही मांडायला हवा. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत, जिथे संसर्गांची कमतरता कधीच नव्हती, तिथे १९९० च्या दशकात अल्झायमरचे प्रमाण जगात तोवर नोंदलेल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी होते. एपीओई-चार जनुक तिथे कमी आढळते, आणि तेव्हा आयुष्यही कमी होते. पण जंतू जितके अधिक तितका स्मृतिभ्रंश अधिक, असा सरळ हिशेब या खेड्यांमुळे मोडतो. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने टाळता येण्याजोगी जी चौदा कारणे गणली, त्यांत कमी शिक्षण, बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचा धूर, प्रदूषित हवा, एकटेपणा आहेत, संसर्ग नाही. अंबरनाथच्या कारखान्यात आयुष्यभर यंत्रांच्या आवाजात उभ्या राहिलेल्या कामगाराला श्रवणयंत्र मिळणे हे विषाणूच्या औषधापेक्षा आज जास्त खात्रीचे काम आहे.

स्मृतिभ्रंश स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, शुश्रूषा केल्याने लागत नाही. ‘संसर्ग’ हा शब्द कानावर पडताच काही घरांत म्हाताऱ्याचा पेला वेगळा केला जातो, म्हणून हे स्पष्ट सांगावे लागते. प्रिऑनमुळे होणारा, काही महिन्यांत माणूस संपवणारा दुर्मिळ क्रॉइट्झफेल्ड-याकोब रोगही सेवेतून पसरत नाही.

तपासणीची अडचण या शहरांत भाषेपासून सुरू होते. छापील मराठी प्रश्नावली उल्हासनगरच्या कॅम्पातल्या आजोबांपुढे ठेवली तर ते एक वाक्य लिहू शकत नाहीत, कारण शाळेत ते अरबी वळणाच्या लिपीत सिंधी शिकले. गुण जातात ते लिपीमुळे. शाळेत न गेलेल्या आजी महिना विचारल्यावर ‘आषाढ’ म्हणतात आणि ते उत्तर बरोबरच धरायला हवे. रक्तातले बी-बारा, थायरॉइड, साखर, व्हीडीआरएल, एचआयव्ही या चाचण्या सहज होतात. मेंदूचा एमआरआय आणि पाठीतले पाणी यांसाठी अनेकांना कळवा, सायन, केईएम किंवा जे. जे. रुग्णालय गाठावे लागते. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटर आहे, आणि गोंधळलेल्या माणसाला सकाळच्या लोकलमधून नेणे किती कठीण असते ते नेणाऱ्यालाच ठाऊक.

त्या खेपेत डॉक्टरांचा पहिला प्रश्न बहुधा यंत्राविना सुटणारा असतो: शेवटचे सगळे ठीक कधी होते? घरांना तारीख आठवत नाही, सण आठवतात. गणपतीत मोदक तिने स्वतः वळले होते. दिवाळीत चकलीच्या भाजणीचे प्रमाण चुकले. संक्रांतीला ती शेजारणीला ओळखेना. सिंधी घरात हाच हिशेब चेटीचंडपासून चालिहोपर्यंत सांगितला जातो. हीच उतरण पाच-सात वर्षांत झाली असेल तर ती अल्झायमरची चाल. एका रात्रीत झाली असेल तर तो वात, आणि छाती वा लघवी तपासायची. गणपती ते संक्रांत, एवढ्याच काळात माणूस इतका खाली आला असेल आणि मध्ये बारीक ताप येऊन गेला असेल, तर पाठीतले पाणी त्याच आठवड्यात तपासायला हवे.